खिडकीकडची जागा

ऊन लागतं, ठेच लागते, दृष्ट लागते, तशी आपल्याला गाडी लागते. मराठी शिकवायचे तेव्हा मला या 'लागण्या'ची फार गंमत वाटायची. इंग्रजीतल्या 'मोशन सिकनेस'मध्ये आजाराचा वास आहे. आपल्या शब्दात तसं काही नाही. आपण बिचारे नुसते बसलेले असतो, आणि गाडीच येऊन आपल्याला लागते.

साताऱ्याच्या शाळेत मी सहा वर्षं होते आणि दर वर्षी एक सहल प्रतापगडला जायची. वाईच्या पुढे पसरणीचा घाट, मग पाचगणी, महाबळेश्वर आणि शेवटी आंबेनळीची वळणं. गाडी लागणारी मुलं आम्हाला पाठ असायची. त्यांना पुढच्या सीटवर बसवायचं, हातात लिंबू द्यायचं, वह्या-पुस्तकं मिटायला लावायची आणि एकच सांगायचं, "खाली बघू नकोस. लांब बघ." हा उपाय आम्हाला कोणी बीएडमध्ये शिकवला नव्हता. तो एसटीत बसणाऱ्या प्रत्येक आईला माहीत असतो.

त्यामागचं कारण मला इथे आल्यावर वाचायला मिळालं. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्यांतला द्रव हलतो आणि मेंदूला वळणाची बातमी जाते. डोळे वहीवर खिळलेले असले तर ते मेंदूला सांगतात, काहीच हललेलं नाही. कानाचं एक, डोळ्यांचं दुसरं, आणि या भांडणात पोट ढवळतं. लांब बघितलं की दोघांचं जमतं. ड्रायव्हरला गाडी सहसा लागत नाही, कारण वळण यायच्या आधीच त्याला ते ठाऊक असतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोतली ड्रायव्हर नसलेली टॅक्सी.

बे एरियात राहणाऱ्यांना आता या पांढऱ्या जॅग्वार गाड्यांचं नवल राहिलेलं नाही. फिनिक्सला वेमोने ऑक्टोबर २०२० मध्ये ड्रायव्हरशिवाय टॅक्सी सर्वांसाठी सुरू केली, सॅन फ्रान्सिस्कोत जून २०२४ मध्ये. पण शिकागोहून, न्यू जर्सीहून पाहुणे आले की ते आधी गोल्डन गेट मागत नाहीत, 'त्या गाडीत बसव' म्हणतात. फोनवरून बोलवायची, फोननेच दार उघडायचं, पट्टा बांधायचा, 'स्टार्ट राइड'चं बटण दाबायचं. रिकाम्या सीटपुढे चाक आपोआप फिरायला लागतं. पहिली दोन मिनिटं सगळे व्हिडिओ काढतात. तिसऱ्या मिनिटाला विसरतात.

मला मात्र ती गाडी वेगळ्याच कारणासाठी आवडते. माझ्याकडे लायसन्स आहे, सनीवेलच्या सरळ रस्त्यांवर मी गाडी चालवतेही. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या चढांवर स्टॉप साइनला थांबायचं म्हटलं की माझे हात घामेजतात. शिवाय चाकामागे बसलं की शहर दिसतच नाही; दिसतात पुढच्या गाडीचे लाल दिवे. नवऱ्याच्या सुट्टीची वाट न बघता शहरात जाता येणं आणि वर खिडकीबाहेर बघता येणं, हे मला या टॅक्सीने दिलं.

आता त्याच टॅक्सीत लोक हेडसेट लावून बसायला लागलेत. डोळ्यांवर पाणबुड्याच्या चष्म्यासारखं यंत्र चढवायचं. व्हीआर, म्हणजे आभासी वास्तव असेल तर समोरचं सगळं झाकून दुसरंच जग दिसतं. एआर असेल तर समोर आहे त्यावरच चित्रं, अक्षरं, पडदा तरंगतो. ॲपलचा व्हिजन प्रो २ फेब्रुवारी २०२४ ला अमेरिकेत आला, किंमत ३,४९९ डॉलर. पहिल्याच आठवड्यात चालत्या टेस्लाच्या ड्रायव्हर सीटवर हेडसेट लावून बसलेल्यांचे व्हिडिओ फिरले. गाडी कितीही हुशार असली तरी चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावरच हवं, अशी आठवण तेव्हाचे वाहतूकमंत्री पीट बुटीजेज यांना करून द्यावी लागली. चालवणाराच नसलेल्या टॅक्सीत मात्र तो प्रश्न उरत नाही. तिथे आपण सगळेच प्रवासी.

यंदा उन्हाळ्यात सासरे आमच्याकडे सहा महिने होते. बाबा सातारा डेपोतून निवृत्त झालेले एसटीचे कंडक्टर. गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, म्हणून शहर दाखवायचं तर गाडीतूनच. एका शनिवारी आम्ही कॅलट्रेनने फोर्थ अँड किंग स्टेशनला उतरलो. मी, बाबा आणि माझा भाचा, नणंदेचा मुलगा. तो सॅन होजेला एमएस करतोय. पांढरी टॅक्सी समोर येऊन उभी राहिली. बाबांनी रिकाम्या ड्रायव्हर सीटकडे बघितलं आणि म्हणाले, "ड्रायव्हर नाही हे एक वेळ ठीक. पण डबल बेल कोण देणार?" मी त्यांना पुढे उजवीकडे बसवलं आणि 'स्टार्ट राइड'चं बटण दाखवलं. त्यांनी ते दोनदा दाबलं.

जायचं होतं पश्चिमेला समुद्रावर, सुत्रो बाथ्सच्या अवशेषांपाशी. गाडीने गिअरी स्ट्रीट धरला. भाच्याने बॅगेतून हेडसेट काढला. "आजोबा, अर्धा-पाऊण तास आहे, कंटाळाल. तुम्हाला एक दाखवतो." मी काही बोलले नाही, कारण तो काय दाखवणार ते मला माहीत होतं. २०२४ च्या गणपतीत आम्ही साताऱ्याला होतो तेव्हा नवऱ्याने फोनवर घेतलेला तो व्हिडिओ, खोली असलेला, हेडसेटमध्ये जिवंत दिसणारा. त्यात सासूबाई पाटावर बसून मोदकांना कळ्या पाडतायत आणि कॅमेऱ्याला म्हणतायत, "आधी हात धुवून ये." पुढच्या माघात त्या गेल्या.

बाबांनी यंत्र डोळ्यांवर चढवलं आणि एकदम गप्प झाले. त्यांचा उजवा हात हळूच वर आला, समोर काहीतरी धरायला जावा तसा. मी मागून बघत होते. डाव्या अंगाला सेंट मेरीज कॅथीड्रल गेलं. १९७१ सालचं हे पांढरं चर्च वॉशिंग मशीनच्या आतल्या दांड्यासारखं दिसतं म्हणून इथले लोक त्याची थट्टा करतात. हे बाबांना सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं, पण आता सांगण्यात अर्थ नव्हता. पुढे एक डिलिव्हरीचा ट्रक आडवा उभा होता. गाडी त्याच्या बाजूने वळली, थांबली, परत आपल्या लेनमध्ये आली.

"अरे, ही सरकली कुठं?" बाबा म्हणाले.

भाच्याने मला नंतर समजावलं. आपण कुठे आहोत हे हेडसेट दोन गोष्टींवरून ठरवतो. आत हालचाल मोजणारे सेन्सर असतात आणि बाहेर कॅमेरे. घरात त्यांचं एकमत असतं. गाडीत सेन्सर म्हणतात, आपण वळलो. कॅमेरे म्हणतात, समोरचा डॅशबोर्ड होता तिथेच आहे. मग चित्र घसरतं. विमानासाठी आणि रेल्वेसाठी कंपन्यांनी 'ट्रॅव्हल मोड' दिलेला आहे, पण शहरातल्या गाडीत दर चौकात वळण, दर सिग्नलला ब्रेक. थोडक्यात, आपल्या कान-डोळ्यांचं जे भांडण, तेच त्या यंत्राच्या पोटात चालू होतं.

बाबांनी हेडसेट काढला तेव्हा कपाळावर घाम होता. मी पर्समधली आलेपाकाची वडी दिली आणि सवयीने म्हणाले, "बाबा, लांब बघा." ते म्हणाले, "मला सांगतीस?" तीस वर्षं घाटात उभ्याने तिकिटं फाडलेला माणूस तो. खिडकीची काच थोडी खाली करून ते बाहेर बघत बसले. जरा वेळाने भाच्याला म्हणाले, "तिला घरी नीट बसून बघू. रस्त्यात नको."

त्या रात्री सोफ्यावर बसून त्यांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. घसरला नाही, चक्कर आली नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण हेडसेटला नावं ठेवायला मी हा लेख लिहीत नाही. साताऱ्यातलं घर आठ हजार मैलांवरून इतकं जवळ आणणारं दुसरं साधन माझ्या पाहण्यात नाही. माझा प्रश्न चालत्या गाडीपुरता आहे.

या प्रश्नाचा अंदाज जाणकारांना आधीच होता. २०१५ मध्ये मिशिगन विद्यापीठातले मायकेल सिवाक आणि ब्रँडन शॉटल यांनी लिहिलं होतं की स्वयंचलित गाड्यांमध्ये गाडी लागण्याचं प्रमाण वाढेल, कारण सगळेच प्रवासी होतील, वाचत किंवा पडद्याकडे बघत बसतील आणि पुढचं वळण कोणालाच आधी कळणार नाही. लास व्हेगासला सुरू झालेल्या झूक्सच्या टॅक्सीत तर चाकच नाही आणि सीट समोरासमोर आहेत, रेल्वेच्या डब्यासारख्या. म्हणजे निम्मे लोक उलट्या दिशेने प्रवास करणार.

उपायही शोधले गेले आणि ते वाचताना मला हसू आलं. जानेवारी २०१९ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात ऑडीने आणि तिच्यातून निघालेल्या होलोराइड कंपनीने हेडसेट गाडीलाच जोडून दाखवला. गाडी उजवीकडे वळली की खेळातलं अवकाशयानही उजवीकडे वळणार, ब्रेक लागला की तेही थांबणार. २०२४ मध्ये ॲपलने आयफोनच्या पडद्याच्या कडेला काळे ठिपके आणले, गाडी जशी हलेल तसे ते सरकतात. दोन्ही युक्त्या चांगल्या आहेत. पण त्यांचं सार काय? बाहेर रस्ता कसा चाललाय ते डोळ्यांना कळू दे. एवढी गणितं करून त्यांनी खिडकीच परत आणली की!

आणखी एक गोष्ट. रस्त्यावर अशा गाडीत कुणाच्याही सोबतीशिवाय बसलेला पहिला प्रवासी होता स्टीव्ह मेहन. ऑक्टोबर २०१५, टेक्ससमधलं ऑस्टिन. गुगलच्या त्या छोट्या गाडीला ना चाक होतं ना ब्रेकचं पेडल. मेहन आपल्या शेजारच्याच सॅन होजेतल्या अंधांसाठीच्या केंद्राचे माजी संचालक, आणि त्यांना स्वतःला दिसत नाही. त्यांच्यासाठी त्या प्रवासाचा अर्थ होता, कोणाला न विचारता कुठेही जाता येणं. तो अर्थ मला माझ्या परीने कळतो. डोळे असलेल्या आपल्याला हीच गाडी शिवाय एक जादा देणगी देते, ती म्हणजे बघायला मोकळे डोळे. अमेरिकेत इतकी वर्षं ते फक्त शेजारच्या सीटवरच्या माणसाचे असायचे.

आपल्यापैकी अनेकांकडे दर उन्हाळ्यात आई-बाबा येतात. त्यांच्यासाठी, आणि मागच्या सीटवरच्या मुलांसाठी, या उन्हाळ्यात मी काही नियम केले. हेडसेट घरी, सोफ्यावर, हवा तेवढा. विमानात आणि सरळ जाणाऱ्या रेल्वेत ट्रॅव्हल मोड लावून. शहरातल्या टॅक्सीत नाही. कोणी हट्टच केला तर समोरचं दिसत राहील असा एआर, सिग्नलला गाडी उभी असेपर्यंतच. आणि उतरायच्या पाच मिनिटं आधी यंत्र बॅगेत गेलेलंच हवं. या गाडीत 'चला, उतरा, आलं' म्हणणारा कंडक्टर नाही. दार उघडण्याआधी मागून सायकल येते आहे का, हे आपल्याच डोळ्यांनी बघायचं असतं.

बाबा दसऱ्याच्या आधी परत गेले. जाताना फोनमध्ये इथले बरेच फोटो नेले, त्यातले बहुतेक त्या दिवशी टॅक्सीच्या काचेतून काढलेले. सुत्रो बाथ्स १८९६ मध्ये उघडली तेव्हा काचेच्या छताखाली समुद्राच्या पाण्याचे तलाव होते. १९६६ च्या आगीत ते गेलं, आता फक्त भिंतींचे चौकोन उरलेत. बाबा काही खाली उतरू शकले नाहीत, वरच्या बाकावरून बघत बसले.

पाहुण्यांना घेऊन तुम्हीही निघालात आणि गाडीने गिअरीचा रस्ता धरला, तर त्यांना उजवीकडची खिडकी द्या. जपानटाउनचा पाच थरांचा पॅगोडा, ओसाका शहराने १९६८ मध्ये भेट दिलेला, त्याच बाजूला येतो. पुढे सव्विसाव्या ॲव्हेन्यूपाशी रशियन चर्चचे सोनेरी घुमटही त्याच बाजूला. दुपारी चारनंतर निघा, म्हणजे त्यांच्यावर ऊन असतं.