वाळूतील रेघ

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नर्सी नामदेव हे गाव आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून या गावास मान आहे. एके सकाळी तेथील एका शाळेतील गुरुजींनी मुलांना नदीवर नेले आणि वाळूत काठीने एक लांब रेघ ओढली. "ही अमेरिकेतील मिसूरी नदी," ते म्हणाले.

इ. स. १८०३ मध्ये अमेरिकेने मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा विस्तीर्ण प्रदेश फ्रान्सकडून विकत घेतला. राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांनी लुईस व क्लार्क या अधिकाऱ्यांना पश्चिमेच्या पाहणीसाठी धाडले. १८०४ च्या मे महिन्यात नावा निघाल्या. प्रवाहाच्या उलट जाणे किती कष्टाचे! माणसे दोर धरून काठाकाठाने नावा ओढीत. पुढे साकाजाविया ही शोशोनी जमातीची तरुणी तान्ह्या बाळासह त्यांना मिळाली. पर्वत ओलांडण्यास घोडे हवे होते. योगायोग असा, की शोशोनींचा नायक तिचाच भाऊ निघाला आणि घोडे मिळाले. पर्वतात अन्न सरले, तेव्हा नेझ पर्स लोकांनी त्या भुकेल्यांना मासे व कंद देऊन जगविले. १८०५ च्या नोव्हेंबरात ते पॅसिफिक महासागरास पोहोचले.

"अशा रीतीने त्यांनी अज्ञात प्रदेशाचा शोध लावला," गुरुजींनी समारोप केला.

तोच एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, तेथे माणसे राहत होती ना? मग तो प्रदेश अज्ञात कसा? उद्या कोणी आपल्या नर्सीत येऊन 'मी या गावाचा शोध लावला' असे म्हणाला, तर?"

मुले खो खो हसली. गुरुजी मात्र क्षणभर त्या रेघेकडे पाहत राहिले.

"बाळ, माझाच शब्द चुकला," ते सावकाश म्हणाले. "प्रवाशांचे धैर्य खरे, पण त्यांना नवी वाटणारी वाट तेथील लोकांच्या रोजच्या पायांखालची होती. ज्या नेझ पर्सांनी त्यांना घास दिला, त्यांच्या पुढच्या पिढीतील अनेकांना १८७७ मध्ये फौजेने मायभूमीतून हुसकावून लावले."

मुलांचे हसू मावळले.

मग गुरुजींनी उत्तरेकडे दुसरी रेघ ओढली. "आपले नामदेवही दूर गेले. पंजाबातील घुमान येथे त्यांचे वास्तव्य झाले. ते भूमीवर हक्क सांगावयास गेले नव्हते. तिकडच्या लोकांना कळेल अशा भाषेत त्यांनी पदे रचली. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आदराने जपली आहेत."

परतण्याची वेळ झाली. मुले दप्तरे उचलू लागली. ती मुलगी मात्र खडे वेचीत होती. मिसूरीच्या रेघेच्या दोन्ही काठांवर तिने ते एकेक करून मांडले.

"हे काय ग?" गुरुजींनी विचारले.

"त्यांची गावे," ती म्हणाली. "नकाशात राहिली होती."