जाताना एक, येताना दोन

प्रवासाला निघालेल्या माणसाला निदान गाडीची वेळ ठाऊक असते. गाडी उशिरा येईल, पण वेळेआधी सुटणार नाही, एवढा भरवसा आपल्या रेल्वेने आपल्याला दिलेला आहे. बाळंतपणाला निघणाऱ्या बाईचं तसं नाही. डॉक्टर २८० दिवस मोजून तारीख देतात खरी, पण नेमक्या त्या तारखेला जन्मणारी मुलं शंभरात चार-पाचच निघतात. बाकीची मंडळी बहुतेक सदतिसाव्या ते बेचाळिसाव्या आठवड्याच्या दरम्यान आपल्या सवडीने येतात. आम्हा बँकवाल्यांना हा प्रकार पचत नाही. आमच्याकडे मुदत ठेवीची तारीख ठरली की ठरली. आधी मोडायची तर अर्ज करा, सही जुळवा, व्याजात दंड भरा. इथे ठेव स्वतःच उठून काउंटरवर येते, आणि तीही बहुधा रात्री दोन वाजता, शाखा बंद असताना.

म्हणून बॅग आधी भरून ठेवायची. शहाणी माणसं छत्तिसावा आठवडा लागला की ती भरून दाराशी ठेवतात. आमच्या धाकट्या बहिणीची बॅग चौतिसाव्यातच उघडली आणि पुढचे पंधरा दिवस मिटलीच नाही. बहीण पहिलटकरीण, त्यामुळे रिवाजाप्रमाणे माहेरी आलेली. १९६१ च्या कायद्यात बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांची होती, ती २०१७ साली पहिल्या दोन मुलांपुरती सव्वीस आठवड्यांची झाली. त्यातले आठ आठवडे आधी घेता येतात, पण हिने त्यात काटकसर करून सहाच घेतले. म्हणाली, "दादा, बाळ आल्यावर उरतील." रजा शिल्लक टाकण्याचं हे रक्त आमच्या घराण्यातलंच.

बॅग भरण्याचा पहिला मान अर्थातच आमच्या मेहुण्यांचा. त्यांनी इस्पितळातून मिळालेली यादी छापून आणली, प्लास्टिकच्या पाकिटात घातली आणि बॅगेच्या झाकणाला चिकटवली. मग तपासण्यांची फाईल केली. त्यात रक्तगटाचा कागद सर्वांत वर, खाली सोनोग्राफ्या तारखेनुसार, मग माता-बाल संरक्षण कार्ड, आधार कार्डाच्या तीन प्रती, विम्याचं कार्ड. आमच्या बँकेत इतकी सुरेख कर्जाची फाईल मी वीस वर्षांत पाहिली नाही. एवढ्यावर थांबते तर ते मेहुणे कसले! त्यांनी दोन चार्जर, एक पॉवर बँक आणि पाच मीटर लांबीची एक्स्टेन्शन वायर आत घातली. "इतकी वायर कशाला?" मी विचारलं. ते म्हणाले, "खाटेपासून प्लग लांब असला तर?" प्रसूतीच्या खोलीत आपल्याला काहीही करता येणार नाही, हे कळून चुकलेल्या पुरुषाने निदान विजेची सोय पाहावी, यात हसण्यासारखं काही नव्हतं. तरी मी थोडा हसलो.

मग सौ. पुढे सरसावली. तिच्या गाठीला दोन बाळंतपणं, त्यामुळे तिचा सगळा भर अनुभवावर. पुढून उघडणारे तीन गाऊन, मोठे पॅड, जुन्या सैल चड्ड्या, रबराच्या चपला, केसांना बांधायला चार रबरं, पायमोजे. "चपला न घसरणाऱ्याच हव्यात," ती माझ्याकडे पाहत म्हणाली. "आणि पायमोजे कुणाला आठवत नाहीत. ऑपरेशनच्या खोलीत कशी थंडी असते ते जिला वाजते तिलाच माहीत." त्या थंडीला आता पंधरा वर्षं झाली. मी बाहेर बाकावर बसलो होतो आणि पंखा चालत नाही म्हणून वैतागलो होतो, असं ती म्हणाली.

आईने आणला थर्मास. त्याच्याबरोबर वाटी, चमचा, साखरेची डबी, डिंकाचे लाडू आणि अळिवाची पुरचुंडी. बहीण म्हणाली, "अगं आई, तिथे चहा मिळतो." सरकारी दवाखान्यातसुद्धा २०११ सालापासून प्रसूती, औषधं आणि नेणं-आणणं मोफत आहे, साधं बाळंतपण असेल तर तीन दिवस आणि सिझेरियन असेल तर सात दिवस जेवणही मिळतं, ही माहिती मी पुरवली. आईने थर्मास घट्ट धरून ठेवला. "हा झाला तेव्हा रात्रीचे सव्वादोन वाजले होते," माझ्याकडे बोट दाखवत ती म्हणाली. "सकाळी सातपर्यंत कुणी घोटभर चहा दिला नाही. मागायची लाज वाटत होती." चाळीस वर्षांहून अधिक काळ हा चहा तिच्या नावे येणे होता, आणि मला, म्हणजे ज्याच्यापायी तो बुडाला त्याला, त्याची खबरसुद्धा नव्हती. थर्मास बॅगेत गेला.

सगळंच मात्र आत गेलं नाही. मधाची बाटली, गुटीची पुडी आणि काजळाची डबी बहिणीने बाहेर काढली. बाळाला पहिल्या तासाभरात आईचंच दूध, तेही सुरुवातीचा तो पिवळसर चीक, आणि पुढे सहा महिने दुसरं काही नाही, पाणीसुद्धा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. आई थोडी फुरंगटली. तिला भरपाई म्हणून बाळंतविडा सगळाच्या सगळा मान्य झाला. बंदांची झबली, टोपडी, लंगोट, आणि तिच्या जुन्या सुती साड्यांची दुपटी, धुऊन उन्हात वाळवलेली. पहिलं झबलं नवं नको, दुसऱ्या मुलाच्या अंगावरचं असावं, हा आईचा आग्रह. दहा वेळा धुतलेलं कापड नव्यापेक्षा मऊ असतं, हे त्यामागचं शास्त्र. पण तसं बोलून दाखवलं तर ते आईला पटलं नसतं.

सर्वांत शेवटी आली आत्या. वय अठ्ठ्याहत्तर. तिने रुमालाची गाठ सोडली आणि दाढीच्या पात्यांचं एक कोरं पाकीट आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ बॅगेत ठेवलं.

सगळे हसले. मेहुणे अदबीने म्हणाले, "आत्या, तिथे सगळं निर्जंतुक असतं."

"असू दे," आत्या म्हणाली. "तुमची वायर असते, तसं माझं पातं."

मग ती सहज बोलावं तसं बोलली. पहिलं बाळंतपण गावात, घरात, मागच्या अंधाऱ्या खोलीत. सुईण चांगली होती, मायेची होती. नाळ विळ्याने कापली, वर चुलीतली राख लावली. मुलगा गुटगुटीत. सात दिवस छान प्यायला. आठव्या दिवशी दूध ओढेना. "जबडाच मिटला रे त्याचा," आत्या म्हणाली. "लोक म्हणाले दृष्ट लागली. दुसऱ्याच्या वेळी तालुक्याहून नर्सबाई आली. तिने नवं पातं आणि दोरा उकळून घेतला. म्हणाली, आजी, दृष्ट विळ्याची होती."

तोवर आत्याला पहिला मुलगा होता हे आम्हा कुणाला माहीत नव्हतं. आईला माहीत होतं. ती थर्मासचं झाकण उगाच फिरवत बसली.

मला असल्या वेळी आकडे आठवतात. १९९२-९३ च्या पाहणीत देशातल्या शंभर बाळंतपणांपैकी फक्त सव्वीस दवाखान्यात होत होती, आणि २०१९-२१ च्या पाहणीत अठ्ठ्याऐंशीच्या वर. म्हणजे घरोघरच्या या बॅगेचं वय फार नाही. त्याआधी बॅग नव्हतीच, ती मागची खोली होती. आत्याचा धीर वाढावा म्हणून मी सांगितलं, "आता गरोदरपणात धनुर्वाताची लस देतात. नवजात बाळांचा धनुर्वात आपल्या देशातून हटल्याचं २०१५ साली जाहीर झालं. प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी!"

आत्याने विचार केला. "एकाहून कमी म्हणजे शून्य नव्हे ना? तू बँकेतला, तू सांग."

पाकीट बॅगेत राहिलं.

बॅग एका मंगळवारी पहाटे निघाली. मुलगी झाली, पावणेतीन किलो. चौथ्या दिवशी मंडळी घरी आली आणि मी सवयीने हिशोब केला. आत गेलेल्या वस्तू एकूण बासष्ट, वापरल्या एकोणीस. पायमोजे वापरले. फाईल लागली. आईचा चहा रात्री तीन वाजता बहिणीने प्यायला. डोळे मिटून, दोन कप. आणि प्लग खाटेपासून खरोखरच चार मीटर लांब होता. त्या वायरीवर त्या वॉर्डातल्या तीन बाळांच्या बापांचे फोन चार्ज झाले आणि आमचे मेहुणे तिथे कमालीचे लोकप्रिय झाले.

आत्याने मात्र आल्या आल्या दुपटं बाजूला करून बेंबी पाहिली. तिथे कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखी प्लास्टिकची एवढीशी क्लिप होती. "राख नाही, तेल नाही, काही लावायचं नाही. कोरडी ठेवायची," बहीण म्हणाली. "बरं," म्हणून आत्या पाळण्याशेजारी खुर्ची ओढून बसली. आठव्या रात्री मी पाणी प्यायला उठलो तेव्हा ती तिथेच होती. दिवा न लावता पोरीच्या दूध पिण्याचा चुटचुट आवाज ऐकत होती.

नवव्या दिवशी सकाळी तिने बॅगेतून पात्यांचं पाकीट काढलं. मेहुणे बारा दिवसांची दाढी घेऊन चहा पीत होते. पाकीट तिने त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"जावईबापू, घ्या. आता दाढी करा. पोरीने डोळे उघडले की बाप दिसायला हवा, बैरागी नव्हे."