बादलीभर शिळं पाणी

आमच्या पिढीच्या पैठणमध्ये माशाला शिळं पाणी लागायचं. नळाचं ताजं पाणी टाकीत ओतलं तर मासा सकाळपर्यंत उलटा होतो, हे मासे पाळणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. रविवारी टाकी धुवायची असली की शुक्रवारी रात्रीच बादल्या भरायच्या, वर फडकं टाकायचं आणि ‘हे माशांचं आहे, कुणी हात लावू नका’ असं घरभर सांगत फिरायचं. दोन दिवसांत पाण्यातलं क्लोरीन उडून जायचं. पाण्याची ओढ असलेल्या घरात माशांसाठी दोन बादल्या अडवून ठेवणं सोपं नव्हतं. आईची बोलणी खावी लागायची, पण बादल्या जागच्या हलायच्या नाहीत.

आता क्लोरीन मारायचं औषध लहानशा बाटलीत मिळतं. चार थेंब टाकले की नळाचं पाणी तेव्हाच चालतं. तेव्हा आम्ही दोन दिवस थांबायचो आणि तरीही मासे मरायचे. आता पाणी शिळं व्हायला कुणी थांबत नाही आणि मासे जगतात. हिशेब सरळ आहे, तो मान्यच करायला हवा. तरी शुक्रवारच्या रात्रीचं ते वाट पाहणं गेलं याचं वाईट वाटतं.

मासे यायचे औरंगाबादहून. पन्नासेक किलोमीटरचा प्रवास, एसटीची गर्दी आणि मांडीवर प्लॅस्टिकची फुगलेली पिशवी. शेजारचा प्रवासी पिशवीत वाकून बघायचा, मग मागच्या बाकावरचा, आणि बिडकीन येईपर्यंत अर्ध्या गाडीला ब्लॅक मॉली आणि सोर्डटेल यांतला फरक कळलेला असायचा. घरी आल्यावर पिशवी लगेच सोडायची नाही. ती बांधलेलीच टाकीत तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं पाणी सारखं गरम होईपर्यंत सगळ्यांनी भोवती बसायचं. टाकी लोखंडी अँगलची, काच लांबीनं बसवलेली, एका कोपऱ्यातून कायम पाझरणारी. फायटर मासा वेगळा, हॉर्लिक्सच्या बाटलीत.

आज टाकीला सांधा दिसत नाही, दिवे रंग बदलतात, पंपाचा आवाज येत नाही. आत एकच मासा असतो. कपाळावर मोठं टेंगूळ, अंगावर लाल-गुलाबी झाक, बाजूला काळ्या ठिपक्यांची रांग. हा फ्लॉवरहॉर्न. दुकानाच्या गल्ल्याशेजारी, दवाखान्यात, नव्या बंगल्याच्या दिवाणखान्यात तो दिसतो. निसर्गातल्या कुठल्याही नदीत हा मासा नव्हता. मध्य अमेरिकेतल्या सिक्लिड कुळातल्या वेगवेगळ्या जाती एकमेकींशी जुळवून १९९०च्या दशकात मलेशियात तो तयार झाला. त्या काळ्या ठिपक्यांत चिनी अक्षरं वाचली गेली, टेंगूळ म्हणजे भाग्य ठरलं आणि नशिबाच्या ओढीनं तो इथवर पोचला. त्याच्याआधी, १९८६च्या सुमारास, तैवानात तोंड न मिटणारा ब्लड पॅरट असाच संकरातून निघाला होता.

या माशांवरून आमच्या वयाच्या माणसांत दोन तट आहेत. एक म्हणतो, हा माणसानं बनवलेला मासा, याला ना गाव ना नदी. दुसरा म्हणतो, मालक दिसला की तो काचेशी येतो, हातातून दाणा घेतो, नीट ठेवला तर दहा वर्षं सोबत करतो. तुमच्या मॉलीनं कधी ओळख दाखवली होती? दुसऱ्याचं म्हणणं खोटं नाही. पहिल्याच्या बोलण्यात मात्र एक गोष्ट विसरलेली असते. आमचे मासे तरी कुठे अस्सल होते? आम्ही जिवापाड जपलेले लालभडक सोर्डटेल आणि प्लाटी हे मेक्सिकोकडच्या दोन वेगळ्या जाती मिसळूनच त्या रंगाला आले होते. त्यांच्या काही संकरांत काळ्या डागांच्या गाठी होतात, म्हणून १९२०च्या दशकापासून कर्करोगाच्या संशोधकांनीही ते पाळले. गोल्डफिशचं फुगलेलं पोट आणि दुहेरी शेपूट चीनमधल्या शेकडो वर्षांच्या निवडीतून आली. आणि हिवतापवाले डासांच्या अळ्या खायला हौदात सोडायचे तो गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेचा.

शिवाय शुद्ध-अशुद्धाचा वाद पैठणला नवा नाही. ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांना शुद्धिपत्रासाठी याच गावच्या ब्रह्मवृंदापुढे उभं राहावं लागलं, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. रामेश्वराला वाहायचं काशीचं पाणी तहानेल्या गाढवाला पाजणारे नाथमहाराज याच गावचे. त्या गावात बसून एखाद्या जिवाला संकराचा म्हणून हिणवणं मला पटत नाही.

हरवलं आहे ते वेगळंच. गप्पीची मादी पिलं टाकायला आली की पोट चौकोनी दिसू लागायचं. मग तिला वेगळ्या बरणीत हलवायचं, कारण ती स्वतःचीच पिलं खायची. पहाटे उठून बघावं तर तळाशी डोळे आणि शेपटी एवढीच वीस-पंचवीस जनावरं. चहाच्या गाळणीनं ती अलगद धरायची, उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक चिमटीनं चुरून घालायचा. महिन्याभरात पिलं वाटायला निघायचो. या वाड्यातून त्या वाड्यात, साळीवाड्यातून नाथगल्लीत, काचेच्या बाटलीतून मासे जायचे. कुणाकडचे मासे मेले तर त्याच्याच माशांची नातवंडं दुसऱ्याच्या घरून परत यायची. पैसे कुणी मागत नव्हतं. फ्लॉवरहॉर्नचे बरेच नर वांझ निघतात आणि भांडखोर स्वभावामुळे तो एकटाच ठेवावा लागतो. तो विकत येतो, एकटा राहतो, एकटा मरतो. शेजाऱ्याकडे त्यातलं काहीच जात नाही.

पण तेव्हाची आमची रीतही फार कनवाळू नव्हती. गोल काचेच्या भांड्यात गोल्डफिश कोंडणं ही तेव्हाची हौस होती. त्याला श्वास पुरत नाही, हे कुणाच्या गावीही नव्हतं. दोन फायटरांमधला पुठ्ठा मुद्दाम काढून त्यांची झुंज बघितली जायची. आजची पोरं मोबाइलवर पाण्यातल्या अमोनियाचं प्रमाण समजून घेतात, टाकी आधी महिनाभर नुसत्या पाण्यावर चालवतात आणि मग मासा आणतात. त्यांची कदर करायला हवी.

माझा आक्षेप संकराला नाही, शरीराच्या हालांना आहे. तोंड मिटता येत नाही म्हणून ब्लड पॅरटला घास घशातल्या दातांनी चिरडावा लागतो. त्याच माशाला सुईनं रंग टोचून विकतात, ते क्रूर आहे आणि बंद व्हायला हवं. चमकणाऱ्या माशांची गोष्ट वेगळी. त्यांना लोक संकराचे समजतात, पण सिंगापूरच्या विद्यापीठात १९९९मध्ये जेलीफिशचं जनुक घालून जो पहिला चमकवला, तो आपल्याकडच्या ओढ्यांतला झेब्रा डॅनियो होता. रंग त्याच्या अंगातच असतो, सुई लागत नाही. त्यामुळे टोचलेल्या माशाचा राग त्याच्यावर काढण्यात अर्थ नाही.

खरी काळजी नाथसागराची, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाची आहे. १९६५मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि १९७६मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं उद्घाटन. धरणाआधीच्या गंगेतल्या (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) वाम, मरळ, शिंगटा यांची नावं घेत म्हातारे भोई अजून हरखतात. मग कटला-रोहूचं बीज आलं, चिलापी आली आणि जाळ्यातला मासा बदलत गेला. आज भीती टाकीतल्या माशाची आहे. मासा मोठा झाला, टाकी पुरेना, मारवत तर नाही, म्हणून माणसं पिशवी घेऊन घाटावर येतात आणि पुण्य म्हणून मासा गंगेत सोडतात. टाकीची काच चाटणारा दक्षिण अमेरिकेचा सकर मासा २०२०मध्ये काशीजवळ गंगेत सापडला. तो कुणाच्या तरी टाकीतूनच तिथे गेला असणार. फ्लॉवरहॉर्न तर लहान मासे खाणारा, फूटभर वाढणारा. एकदा तो जलाशयात रुजला तर ज्यांचं पोट जाळ्यावर आहे त्यांनी काय करायचं?

घरी फ्लॉवरहॉर्न ठेवा, पॅरट ठेवा, कुणी नाक मुरडलं तरी ठेवा. मोठी टाकी द्या, रंग टोचलेला मासा घेऊ नका. आणि तो सांभाळवेना झाला तर दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या. पण नागघाटावर नेऊन गंगेत सोडू नका.