हरवलेली किल्ली

चाकणच्या बाजारात कांदा-बटाट्याची आडत करण्यात ज्यांचे सारे आयुष्य गेले, त्या आजोबांनी कधी हमालावरही खोटा आळ घेतला नव्हता. आता वय 81. मुलगा कारखान्यांना पॅकिंगचे खोके पुरवतो, बिऱ्हाड चिंचवडला. एका संध्याकाळी कपाटाची किल्ली सापडेना, तेव्हा व्याह्यांच्या देखत ते सुनेला म्हणाले, "तूच माहेरी पोहोचवलीस." किल्ली त्यांच्याच उशीच्या अभ्र्यात निघाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आरोप.

ज्या घरात पत हेच भांडवल, तिथे चोरीचा आळ सोसणे सोपे नसते. सून चारचौघांत येईनाशी झाली. घरच्यांनी दोष दिला तो वयाला आणि, खाजगीत, थोडासा सुनेलाही.

स्मृतिभ्रंश म्हणजे केवळ विसरणे, हा समज फार खोल रुजलेला आहे. वास्तविक 1901 साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात डॉ. आलोइस अल्झायमर यांनी ज्या 51 वर्षांच्या स्त्रीला तपासले, तिच्या आजाराची पहिली ठळक खूण होती पतीविषयीचा संशय. भास, उदासी, भीती, चिडचीड, निरिच्छा, निष्कारण येरझाऱ्या, रात्रीचे जागरण हीसुद्धा त्याच आजाराची अंगे. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली की हे घर पूर्वी निवांत होई. आता तीच वेळ सर्वांत अवघड. "मला घरी जायचे आहे," असे आजोबा स्वतःच्याच घरात म्हणू लागतात.

डॉक्टरांनी एक प्रश्नावली काढली. अमेरिकेतील डॉ. जेफ्री कमिंग्ज व सहकाऱ्यांनी ती 1994 मध्ये प्रसिद्ध केली. तिची रीत व्यापाऱ्याला चटकन उमगावी अशी: लक्षण किती वेळा दिसते याला 1 ते 4, तीव्रतेला 1 ते 3, आणि दोहोंचा गुणाकार. उत्तरे रुग्णाने नव्हे, सांभाळणाऱ्याने द्यायची. संशय रोजचा, म्हणून 4. घर ढवळून काढणारा, पण समजूत घातल्यावर निवळणारा, म्हणून 2. झाले 8. पुढे या प्रश्नावलीला आणखी एक रकाना जोडला गेला: सांभाळणाऱ्याला होणारा त्रास, 0 ते 5. मुलगा म्हणाला, "2 लिहा." सून बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "5."

शेजारी बसलेल्या नवऱ्याला हे ठाऊकच नव्हते.

डॉक्टरांनी लगेच गोळ्या लिहिल्या नाहीत. आधी लघवीतला संसर्ग, बद्धकोष्ठ, दुखणे, ऐकू कमी येणे यांची तपासणी केली. वागणे एकाएकी बिघडले तर यांतलेच काही मुळाशी असू शकते. शांत करणाऱ्या काही औषधांनी अशा वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2005 मध्येच दिला आहे.

आता सून वाद घालत नाही. "चला, दोघे मिळून शोधू," म्हणते. किल्लीच्या दोन प्रती करून ठेवल्या आहेत. दिवेलागणीला आजोबांपुढे आडतीचा जुना रोजमेळ उघडून ठेवतात. ते बोट ठेवून आकडे वाचतात. 6 ते 8 ही वेळ मुलगा घरी असतो, गोदाम नोकर बंद करतो. आळ अजूनही येतो. मात्र पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलेले असते, आणि सांगतो तो मुलगा.