वाचनाची पाळी

वर्गात सरांनी उतारा वाचायला सांगितला की मान खाली घालणाऱ्यांपैकी मी एक. त्यामुळे २०२५ च्या जानेवारीत आमच्या चर्चच्या फलकावर 'ता. २६, सकाळी सातची मिस्सा, दुसरे वाचन' या ओळीपुढे माझे नाव दिसले तेव्हा पोटात गोळाच आला.

मिस्सा म्हणजे फादरांचे काम, बाकीच्यांनी बाकांवर बसायचे, असा माझ्या बऱ्याच मैत्रिणींचा समज आहे. प्रत्यक्षात आमच्या वसईकडे रविवारची मिस्सा पुष्कळ साध्या माणसांच्या हातांवर उभी असते. कोणी गायनाला बसतो, शाळकरी मुले वेदीसेवक होतात, कोणी दान गोळा करतो, कोणी आदल्या संध्याकाळी फुले लावून जातो. पगार कोणालाच नाही. शुभवर्तमान फादर वाचतात. त्याआधीची वाचने आमची.

हे पूर्वीपासून असे नव्हते. आजीच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होई. तिला त्यातली उत्तरे अजून पाठ आहेत. अर्थ विचारला तर नुसती हसते. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला वाट करून दिली. वेदीवर मराठी आली आणि तिच्यामागोमाग साधा माणूसही आला. १९७३ मध्ये, गरज असेल तिथे प्रापंचिकांनीही कम्युनियन द्यावे, अशी मोकळीक रोमने दिली. स्त्रिया वाचन करीत होत्या, पण वाचकपदाची विधिवत नेमणूक पुरुषांचीच होई. ती अट पोप फ्रान्सिस यांनी २०२१ च्या जानेवारीत काढून टाकली. आजीने चाळीस वर्षे वेदीची वस्त्रे धुतली, इस्त्री केली. तिचे नाव मात्र कधी कुठल्या यादीत लागले नाही.

त्या दिवसांत आजी खुब्याचे हाड मोडून अंथरुणावर होती. आजाऱ्यांना घरी कम्युनियन नेऊन देणाऱ्यांत आमच्या शेजारचे काका आहेत, एस.टी.तून निवृत्त झालेले. त्यांच्या आणि आमच्या वाडीच्या बांधाचा तंटा माझ्या जन्माआधीपासूनचा. पहिल्या रविवारी ते छातीशी छोटी डबी धरून दारात आले. आजीने भिंतीकडे तोंड केले. "त्या हातातून नको. फादर येतील तेव्हा घेईन." काका काही न बोलता परत गेले. पुढच्या रविवारी पुन्हा आले, पुन्हा तसेच गेले. मला आजीचा राग आला, आणि कीवही.

इकडे माझी तयारी चालली होती. घरी आम्ही सामवेदी बोलतो. छापील मराठी मोठ्याने वाचताना जीभ अडखळते. 'करिंथकरांस' एवढा एक शब्द नीट यायला मला दोन दिवस लागले. ऐकायला हक्काची श्रोती एकच, आजी. उतारा संत पौलाच्या पत्रातला. शरीर एकच, पण अवयव पुष्कळ. डोळ्याने हाताला 'तुझी मला गरज नाही' असे म्हणून चालत नाही, असा त्याचा आशय. वाचून झाल्यावर आजी म्हणाली, "परत वाच." माझे काही चुकले असावे, म्हणून मी सावकाश वाचले. "आणखी एकदा." तिसऱ्या वेळी ती एवढेच म्हणाली, "पुरे. कळलं."

रविवारी पाय लटपटत होते. एका ठिकाणी ओळ चुकले, पुन्हा धरली. मान वर केली तेव्हा काका तिसऱ्या बाकावर मन लावून ऐकताना दिसले.

मिस्सेनंतर ते आमच्याकडे येतील, असे मला वाटले नव्हते. पण आले. आजी उशीला टेकून बसली होती, डोक्यावर पदर होता. काकांचा हात किंचित थरथरत होता. माझा वाचताना थरथरत होता तसाच. आजीने डोळे मिटून कम्युनियन घेतले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ती म्हणाली, "चहा घेऊन जा."

"अजून तीन घरं आहेत, काकी. परतताना घेतो."

आणि खरोखरच परतताना घेतला.

बांधाचा तंटा अजून मिटलेला नाही. आजी आता काठी घेऊन ओटीपर्यंत येते. महिना संपत आला की मला विचारते, "यादी लागली का? तुझी पाळी कधी आहे?" वर्गात मात्र मी अजूनही मान खाली घालते, ती खोड जायला वेळ लागेल.

(द्वितीय वर्ष, कला)