आडदिवस

‘वीकडे’ या शब्दापाशी मी प्रथम अडलो, तो एका इंग्रजी कथेचा अनुवाद करताना. त्या कथेतील एक गरीब बाई रविवारी चर्चमध्ये येते, ती ‘वीकडे’चेच कपडे घालून. कोशातील अर्थ सरळ आहे : रविवार सोडून उरलेला कोणताही दिवस, पुढे पाच दिवसांचा आठवडा रूढ झाला तेथे शनिवारही सोडून. मी ‘कामाच्या दिवसाचे कपडे’ असे लिहिले. अर्थ बरोबर होता, वाक्य मात्र निर्जीव झाले.

या शब्दाला अर्थ येतो तो सुटीमुळे. ज्याला सुटीच नाही, त्याला ‘वीकडे’ कुठला? मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे. त्या एका दिवसाने उरलेल्या सहा दिवसांनाही आकार दिला.

माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला; तो सोमवार होता. पुढे महिने गेले आणि सगळे वार सारखे झाले. वडील सकाळी वेळेवर दाढी करीत, कपडे घालीत आणि खाटेवर बसून राहत. कामाचा दिवस असे, काम नसे. रविवारी मात्र त्यांचा चेहरा जरा सैल होई. त्या दिवशी घरी बसण्याबद्दल कोणी काही विचारणार नव्हते.

आईच्या चुलीला रविवार कधीच नव्हता. तिच्याजवळ गावाकडचा एक शब्द होता : आडदिवस. बाजाराचा नाही, सणाचा नाही, तो आडदिवस. त्या शब्दात कामाचा उल्लेखही नाही. काम गृहीतच धरलेले. सणाचे लुगडे पेटीत आणि आडदिवसाचे अंगावर, अशी तिची वाटणी.

अनुवादात मी अखेर ‘आडदिवसाचे कपडे’ असे केले आणि ती बाई मला ओळखीची वाटू लागली. आईच्या आडदिवसाच्या लुगड्यांची गोधडी मी अजून पांघरतो. वडिलांच्या त्या दिवसांना काय म्हणावे, हे मात्र मला इंग्रजीने सांगितले नाही आणि मराठीनेही नाही.