काळजाचा ठोका

मराठी कादंबरीकाराचे ज्या एका अवयवावाचून पान हलत नाही, तो म्हणजे काळीज. नायिकेचे ते धडधडते, नायकाचे ते तुटते, खलनायकाला ते नसतेच. आणि अपरात्री कुणी दार ठोठावले की घरातल्या साऱ्यांच्याच काळजाचा ठोका चुकतो. मीही चार-दोन कादंबऱ्या लिहिल्या आहेत. तेव्हा या चुकलेल्या ठोक्यांचे माझ्यावर थोडेफार उपकार आहेत. पण गेल्या आषाढापासून हा वाक्प्रचार माझ्यापुरता वाक्प्रचार राहिलेला नाही. माझ्या काळजाचा ठोका खरोखरच चुकतो. दिवसभर चुकतो, आणि त्यासाठी दारावर थाप पडावी लागत नाही.

या दुखण्याचे नाव एट्रियल फिब्रिलेशन. आमच्या धारणीत ते उच्चारताना निम्म्या लोकांची जीभ अडखळते, आणि उरलेल्या निम्म्यांना ते एखाद्या नव्या खताचे नाव वाटते. माझे विज्ञान मॅट्रिकपाशी थांबलेले. परंतु पाठ्यपुस्तकातले हृदयाचे चित्र अजून डोळ्यांपुढे आहे. वर दोन अलिंदे, खाली दोन निलये. उजव्या अलिंदाच्या माथ्याशी पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो शाळेच्या घंटेसारखा ठराविक वेळाने टोल देतो आणि सारे हृदय त्या टोलावर चालते. या आजारात ती एक घंटा ऐकूच येईनाशी होते. अलिंदात मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे लहरींचा गलका उठतो. अलिंद आकुंचन पावत नाही, नुसते थरथरते. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये एक दरवान आहे म्हणून बरे. तो त्यातले थोडेच निरोप खाली सोडतो. पण तेही आपल्या मर्जीने: कधी दोन लागोपाठ, कधी बऱ्याच वेळाने एक. मास्तर वर्गाबाहेर गेल्यावर चौथीच्या वर्गाचे जे होते, तेच हे.

पावसाळ्यात शाळेचा चढ चढताना धाप लागू लागली, तेव्हा तपासून घ्यायला गेलो. सिस्टरने मनगट धरले, तरुण डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि घड्याळ लावून दोघांनी एकाच मिनिटात ठोके मोजले. छातीत 128 भरले, मनगटावर 104. मी हिशेब शिकवणारा माणूस, विचारले, "मधले 24 गेले कुठे?" डॉक्टर म्हणाले, "सर, ते पडले, पण इतक्या घाईत की हृदयात रक्त भरायच्या आतच. मनगटापर्यंत पोचलेच नाहीत." हजेरीपटावर 128 नावे आणि वर्गात 104 मुले, हा प्रकार आम्हा शिक्षकांना अपरिचित नाही, मला तो चटकन समजला.

मग ईसीजी निघाला. त्या यंत्राची कथा मोठी मौजेची आहे. हॉलंडमधल्या लायडन गावी आइंटहोवेन नावाच्या शास्त्रज्ञाने ते विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केले. रोग्याला मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत हातपाय बुडवून बसावे लागे. रुग्णालय प्रयोगशाळेपासून सुमारे दीड किलोमीटरवर होते. म्हणून 1905 साली त्याने टेलिफोनच्या तारेवरून रोग्याच्या हृदयाचा आलेख प्रयोगशाळेत आणवला. 1924 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. माझा आलेख मोबाईलवरून मेळघाटाचा सारा डोंगर ओलांडून अमरावतीच्या तज्ज्ञांकडे गेला, आणि मी बाहेरच्या बाकावर चहा संपवतो न संपवतो तोच उत्तर आले: ताबडतोब या.

अमरावतीला इको केला आणि मूळ सापडले. डाव्या अलिंद-निलयांमधली झडप अरुंद झाली होती. डॉक्टरांनी विचारले, "लहानपणी सांधे सुजले होते का?" मला दहावे-अकरावे वर्ष आठवले. आधी घसा धरला. मग पंधरवड्याने गुडघा सुजला, तो उतरला तेव्हा घोटा, मग कोपर. माय तेल चोळत म्हणाली होती, "वाढतं अंग हाय, दुखनारच." बिचारीने दुसरे काय म्हणावे? तो संधिवाताचा ताप होता. घशातल्या जंतूंशी लढता लढता शरीर आपल्याच झडपांवर हत्यार चालवते. हा ताप सांध्यांना नुसता चाटून जातो, पण हृदयाला चावतो, असे वैद्यकातले एक जुने वचन आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना तो गाठतो, आणि विशेषतः जिथे एका खोलीत सात-आठ माणसे झोपतात तिथे. चावल्याची खूण पटायला मात्र तीस-पस्तीस वर्षे लागतात.

खरे भय ठोक्यांचे नाही, हे मला तिथे कळले. थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साचून राहते, साचलेल्या रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूकडे निघाली तर पक्षाघात. साध्या फिब्रिलेशनमध्ये हा धोका पाचपट. झडप अरुंद असेल तर त्याहूनही कितीतरी अधिक. डाव्या मेंदूत गुठळी अडकली तर वाचा जाते. मरणाचे मला फारसे वाटले नाही. निदान तसे मी सौभाग्यवतींना सांगितले. पण शब्द जाणे! वर्गात उभे राहायचे आणि फळ्यावरच्या अक्षराचे नाव आठवायचे नाही. त्या रात्री लॉजवर मला झोप लागली नाही. मी अंधारात पाढे म्हणत पडलो होतो, एकोणतीसचा पाढा बरोबर येतो का ते पाहत.

अशा झटक्यात गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत, मेंदूचा फोटो काढून मगच देतात. आता आमचा रस्ता पाहा: धारणी, हरिसाल, सेमाडोह, घटांग, मग घाट उतरून परतवाडा, आणि तिथून अमरावती. अंतर दीडशे किलोमीटरच्या घरात. वाटेत एखादी दरड कोसळली की साडेचार तास रस्त्यातच सरायचे. म्हणून शहरातल्या माणसापेक्षा धारणीच्या माणसाला रोजची गोळी अधिक मोलाची.

या गोळीचे नाव वॉरफरिन. तिचा जन्म गोठ्यात झाला. 1920 च्या सुमारास अमेरिकेत आणि कॅनडात बुरसटलेला क्लोव्हरचा चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिनच्या कार्ल पॉल लिंक यांनी त्यातले द्रव्य शोधून काढले. त्याच जातीचे वॉरफरिन 1948 साली उंदीर मारायला बाजारात आले, आणि 1954 पासून माणसांना औषध म्हणून मिळू लागले. पुढच्याच वर्षी अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर ते दिले गेले. हे सारे मी मोठ्या रंगात येऊन घरी सांगितले. सौ. एवढेच म्हणाल्या, "उंदराची दवाई माणसाले देतेत? डोकं फिरलं काय त्या डॉक्टरचं?" नव्या, कमी कटकटीच्या गोळ्याही आता निघाल्या आहेत, परंतु माझ्यासारख्या संधिवाती झडपेला ही जुनीच बरी, असे 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. त्यात आपल्या देशातले रोगीही होते.

ही गोळी मोठी मानी आहे. रक्त किती पातळ झाले ते वरचेवर तपासावे लागते; आयएनआर नावाचा आकडा दोन आणि तीनच्या मध्ये हवा. कमी झाला तर गुठळी, वाढला तर रक्तस्राव. पालेभाजीशी तिचे वाकडे. पावसाळ्यात आमच्याकडे तरोट्याची, अंबाडीची भाजी ताटभर आणि उन्हाळ्यात पानही नाही. हे चालत नाही. भाजी सोडायची नाही, पण बेताने आणि बारमाही सारखी खायची. दुखण्याला कुठली गोळी घ्यायची तीही विचारून. ज्या माणसाच्या हृदयाला ताल उरला नाही, त्याने बाकीचे सारे आयुष्य तालावर चालवायचे, असा हा न्याय आहे.

दिवेलागणीला देवापाशी दिवा लावला की सौ. गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन समोर उभ्या राहतात. आधी परीक्षा. "हसा." मी हसतो, तोंड वाकडे होत नाही ना ते त्या पाहतात. "दोन्ही हात वर करा." मी कवायतीसारखे हात वर करतो. "बोला." मग मी 'कच्चा पापड, पक्का पापड' म्हणतो. धाकटी खिदळते. पण तिलाही आता पाठ आहे: या तिन्हीपैकी एक जरी चुकले तरी 108 ला फोन. पूर्वी या वेळी आम्ही एकमेकांशी भाजीच्या भावाबद्दल बोलत असू. आता रोज मिनिटभर ती माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहते. लग्नाला वीस वर्षे झाल्यावर हे सुख किती जणांच्या वाट्याला येते?

वर्गातही माझे कान बदलले आहेत. मूल खोकले तर ते खोकणेच असते. पण घसा दुखून ताप आला, किंवा आज गुडघा तर उद्या घोटा सुजला, की मी त्याला बखोटीला धरून दवाखान्यात नेतो. घशाच्या त्या दुखण्यावर वेळेवर पेनिसिलिन मिळाले तर पुढचे सारे टळू शकते. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळांमधून मुले तपासत हिंडते. तिच्या यादीत हा आजारही आहे. गाडी यायची त्या दिवशी मी हजेरीची फार काळजी घेतो. पटावरचे एकही नाव त्या दिवशी वर्गाबाहेर राहू नये, असे मला वाटते.

दिवाळीत आपण थोरामोठ्यांच्या पाया पडतो. यंदा पाया पडून झाल्यावर त्यांचे मनगटही हातात घ्या, आणि अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून मिनिटभर स्वस्थ बसा. ठोके सारखे असतील तर फराळाला बसा. वेडेवाकडे असतील तर तेही बसून घ्या. मात्र भाऊबीज उलटायच्या आत त्यांना ईसीजीला घेऊन जा.